मिरवणुकीत पुढे चालणारी

माय, तुला अक्षर येत नव्हतं आणि मलाही येत नाही. तेव्हा हे पत्र तू वाचणार नाहीस आणि मी लिहिलेलंही नाही. मी बोलते, नात लिहिते. तिची शाळा, कॉलेज सगळं हिंदीत, पण घरात मराठी ऐकूनच वाढली. माझं बोलणं ती जरा झाडून-पुसून कागदावर ठेवते. मधून मधून मी तिला वाचून दाखवायला लावते. आपण अंगठेवाल्या; समोरच्यानं काय लिहिलं ते त्यालाच ठाऊक. ती म्हणते, "आजी, तुह्या एका शब्दाले मी इकडचा तिकडे नाही केला." म्हणणारच.

ही नात तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर वीस वर्षांनी ती जन्मली. दीड वर्षाची असताना ताप आला आणि डावा पाय वाळला. पोलिओ, असं डॉक्टर म्हणाले. लोखंडी पट्ट्यांचा बूट घालते, काखेत कुबडी घेते, आणि जिभेनं माझ्यापेक्षा तेज आहे. इथं बालाघाटलाच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकते. वर्ग वरच्या मजल्यावर. कठडा धरून एकेक पायरी चढते, पोचेस्तोवर हजेरी होऊन गेलेली असते. हे तिनं मला सांगितलं नाही. तिचे कपडे मी धुते. सलवार मागून धुळीनं भरलेली दिसली तेव्हा मी विचारलं. पाय जास्त दुखतो त्या दिवशी ती पायऱ्यांवर बसून, पाठमोरी, एकेक पायरी सरकत वर जाते. हे मला कळलं त्या दिवसापासून कॉलेज या वस्तूवरच माझा भरवसा नाही.

डिसेंबरात तिच्या वर्गातल्या दोन मुली घरी आल्या. एक लंबी, एक ठेंगणी. हातात पेढ्यांचा डबा. मी पेढ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. म्हणाल्या, "दादी, कॉलेज में विकलांग दिवस मना रहे हैं. रैली निकलेगी, ये सबसे आगे रहेगी. तीनचाकी सजाएँगे फूलों से."

मी म्हटलं, "फोटोवाला येनार काय?"

"हाँ दादी, अख़बारवाले भी!"

"मग समजलं मले. पोळ्याले बैल सजवते नं, तसं. शिंगाले रंग, गळ्यात माळ, साऱ्या गावात मिरवनूक. अन् दुसऱ्या दिवशी?"

ठेंगणी हसली. लंबी हसली नाही. मी विचारलं, "वर्ग कोनत्या मजल्यावर हाये तिचा?"

"ऊपर, दादी."

"मंग ते फुलं त्या पायऱ्याईले लावा."

त्या गेल्यावर नात माझ्यावर तडकली. "काहून बोलली अशी? मैत्रिणी हायेत त्या माह्या." मी म्हटलं, दोन वर्षं कुठं होत्या मैत्रिणी? ती म्हणाली, "मले दप्तर धरू देत नाहीत, दोघी मिळून नेतात." मी मनात म्हटलं, दप्तर नेणं सोपं आहे.

माय, आता मधेच तुझं सांगते, कारण तुझ्यामुळेच मी अशी झाले. मला बघायला पाहुणे आले होते, राजेगावच्या बाजूचे. तू माझ्या धाकट्या बहिणीला, जी मुकी-बहिरी होती तिला, धानाच्या कोठीत बसवलंस, हातात गुळाचा खडा दिलास आणि बाहेरून कडी घातलीस. पाहुण्यांनी विचारलं, लेकरं किती? तू म्हणालीस, तीन. आम्ही चार होतो. तेवढ्यात आतून दारावर थापा पडल्या आणि तिचा तो घशातला आवाज आला. पाहुणा म्हणाला, "आत कोन हाये?" तू पोह्यांची ताटली पुढं करत म्हणालीस, "बकरी हाये." मी मान खाली घालून बसले होते. मीही काही बोलले नाही. लग्न जुळलं. पुढं ती गेली तेव्हा सासरी सांगायची सोय नव्हती. जी नव्हतीच तिच्यासाठी रडणार कशी? चुलीच्या धुराचं नाव केलं.

हे लिहिताना नातीनं पेन थांबवलं. "आजी, तुले बहीन होती?" हौ. "अन् आमाले कोनीच नाही सांगितलं?" लिही म्हटलं पुढं.

तर त्या रॅलीच्या दिवसाची सकाळ. नात आतल्या खोलीत वेणी घालत होती, आणि त्या दोघी रिक्षा घेऊन दारात हजर. मला काय झालं ठाऊक नाही. ओसरीत उभी राहून मी म्हटलं, "ते नाही घरी. गोंदियाले गेली मामाकडे."

लंबीनं माझ्या मागं, भिंतीला टेकलेल्या कुबडीकडे पाहिलं. "दादी, बैसाखी तो यहीं टिकी है."

"दुसरी हाये तिच्याजवळ."

लंबी ओट्यावर फतकल मारून बसली. "ठीक है. गोंदिया से आने तक हम रुकते हैं."

ठेंगणीही बसली. मी उभी, त्या बसलेल्या. मग आतून भिंतीला धरत नात आली, नवा ओढणीचा ड्रेस, केसात अबोली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आली मी गोंदियाहून. गाडी रिकामीच होती." दोघी इतक्या हसल्या की शेजारीण डोकावली. मला हसू आलं नाही. जाताना नात कानाशी म्हणाली, "आजी, तू मले लपवून राह्यली होती काय?" मी म्हटलं, लोक तमाशा करतील म्हणून. ती गेली.

मी मागून निघाले. डोक्यावर पदर घेऊन, चौकात गर्दीच्या कडेला जाऊन उभी राहिले. पाहू तरी कसा बैल सजवतात. पण तीनचाकी रिकामीच मागं येत होती, फुलं लावलेली. नात पुढं चालत होती. कुबडी, पाय, कुबडी, पाय. आणि तिच्या मागं शंभर-दीडशे पोरं, तिच्याच चालीनं, हळूहळू. मोटारसायकली पोंपों करत होत्या, एक ट्रकवाला ओरडला, पण पुढं कोणी घुसलं नाही. तरी मी शोधत होते, फोटोवाला कुठं आहे. होताच तो.

मी मागोमाग कॉलेजापर्यंत गेले. हॉलमध्ये मोठे साहेब आले होते. बिचारी, देवाची लेकरं, असं बरंच बोलले. नातीच्या हाती माईक दिला. ती म्हणाली, "सर, हमारी क्लास ऊपर है. आज आप मेरे साथ चढ़कर देखिए, मेरी चाल से." लंबी मागून ओरडली, "चलिए सर!" सगळे हसले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी त्या दोघींनी अख्खा वर्ग खाली वाचनालयाच्या ओसरीत बसवला. शिकवणारे सर वर गेले, रिकामी बाकं बघून खाली आले. असं चार दिवस चाललं. मग खालची खोली मिळाली, जिथं खेळाचं सामान ठेवत. नात नाचायचीच बाकी होती. मी म्हटलं, जास्त खुश नको होऊ, सामान परत आणायचं झालं की पाठवतील वर. माझा अजून भरवसा नाही. परीक्षा होईस्तोवर मी रोज तिची सलवार तपासणार आहे.

पण माय, एक राहिलं. चौकात माझ्या बाजूला परसवाड्याची एक बाई उभी होती, पिशव्या घेऊन. नात अगदी समोरून चालली होती, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. बाई म्हणाली, "काकू, हे पुढची पोरगी कोनाची व? किती देखनी, अन् पाय पाहा." मी म्हटलं, "मले काय माहीत. असल कोनाची."

तमाशाची भीती नव्हती तेव्हा. कोणी हसत नव्हतं. तोंडातून तसंच निघालं.

एवढं मी सांगितलं. नातीनं ते लिहिलं, शब्दन् शब्द. मान वर न करता म्हणाली, "मले ऐकू आलतं, आजी." आणि मग, "पुढं?"

पुढं काही नाही. ती विचारते आहे, कागद कुठं ठेवू. मी म्हटलं, तुझ्याजवळच राहू दे. तुझ्या नावानं बोलले, माय, कारण तिच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नसती.