टाकी, चुंबक आणि जावईबापू

२ सप्टेंबर, सोमवार

पट्टी चिकटवली! माझ्याच घरात, माझ्याच फरशीवर, माझ्याच लेकीने! पिवळीधमक पट्टी, टाकीपासून सहा फुटांवर. म्हणे, "आई, चुंबक बाहेर असेल तेव्हा ह्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही." बत्तीस वर्षं शाळेत मुलांना रेघेच्या मागे उभं केलं मी. आता हे.

छातीत पेसमेकर बसून बारा दिवस झाले. दवाखान्याच्या कागदावर एक ओळ होती – जोरदार चुंबकापासून लांब राहा. किती लांब, ते नाही. सहा फूट हा लेकीचा शोध. आणि घरात जोरदार चुंबक एकच, माझ्या माशांच्या टाकीची काच घासायचं! टाकी चार फुटी, काच बोटाएवढी जाड, साध्या चुंबकाचा तिथे निभाव लागत नाही. एक तुकडा पाण्यात, एक बाहेर, मधे काच. बाहेरचा सरकवला की आतला शेवाळ खरवडत मागोमाग येतो. नऊ वर्षं रोज सकाळी आठला हेच करतेय. हात शिवशिवतात नुसते.

लेकीला टाकीच नको झालीय. गावातल्या दातांच्या डॉक्टरांना टाकी हवी आहे, पेशंटच्या बसायच्या खोलीत. म्हणजे माझे मासे दिवसभर सुजलेले गाल बघत बसणार! मला रडूच आलं. तेवढ्यात कोपऱ्यातून जावईबापू हळूच म्हणाले, "मी घासतो की."

लेक म्हणाली, "महिनाभर बघू. एक जरी अपघात झाला, तर टाकी गेली."

३ सप्टेंबर, मंगळवार

जावईबापू वरच्या मजल्यावरून बरोब्बर आठला खाली आले. घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं, तेव्हा वेळेबद्दल प्रश्नच नाही. मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं, चुंबकापासून दूर. शहाणा माणूस!

कौतुक इथे संपलं. चिमटीत धरून, श्वास रोखून, एका जागी गोल गोल! अर्ध्या तासात पोळपाटाएवढी काच स्वच्छ, बाकी सगळी हिरवी. शाळेतला पोरगा असता तर शिट्टी फुंकून मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या. पण जावई! बारा वर्षांत ह्या माणसाला मी कधी एक वाकडा शब्द बोलले नाही. त्यांनीही मला "हो आई, छान आई" ह्यापलीकडे काही ऐकवलं नाही. म्हटलं, "छानच चाललंय, फक्त जरा..." ते "छानच" एवढंच ऐकून पुन्हा गोल गोल.

५ सप्टेंबर, गुरुवार

हेडमास्तर चिडलाय. हा माझा सगळ्यात जुना मासा. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांसारखंच सारखं तोंड उघडतो-मिटतो आणि मुद्द्याचं काही बोलत नाही. आज काचेकडे पाठ करून बसला.

९ सप्टेंबर, सोमवार

अपघात. पहिला. लेकीला सांगायचा नाही!

चुंबकं पाण्यातून काढली की त्यांच्या मधे लाकडी फळी घालायची, तशीच पेटीत ठेवायची. माझा नियम. मी सांगितला होता, पण सांगताना "तुम्हाला माहीत असेलच म्हणा" असं वर जोडलं होतं. त्यांना माहीत नव्हतं, आणि मग विचारायचं कसं! त्यांनी दोन्ही तुकडे पुसून टेबलावर वीतभर अंतराने ठेवले. मी चहा आणायला आत. एक आवाज आला – खट्!

बाहेर आले तर जावईबापू ताठ बसलेले. उजवा हात टेबलाखाली. डाव्या हाताने कप घेतला. चेहरा आधी लाल, मग पांढरा, मग हेडमास्तरासारखा. विचारलं, "साखर कमी झाली का?" म्हणाले, "नाही आई. छान." डोळ्यांतून पाणी चाललेलं. मी म्हटलं, "बिस्किट?" त्यांनी बिस्किटही खाल्लं! मला सगळं दिसत होतं, पण त्यांनी लपवलेलं मी उघडं कसं करायचं? मग ते म्हणाले, "आई, ती कापडी पिशवी नेऊ का?" आणि उजवा हात पिशवीत घालून, पाठमोरे न होता, जिन्यापर्यंत मागे मागे चालत गेले.

दुकानात लाकडी पाचर ठोकून बोट सोडवलं, समोरच्या बेकरीवाल्याने सांगितलं. नख काळंनिळं. लेकीला त्यांनी सांगितलं, घड्याळाची स्प्रिंग उडाली.

११ सप्टेंबर, बुधवार

साडेसहाला दारावर टकटक! माझ्या तोंडात ब्रश. जावईबापू दारात. "उशीर नाही ना झाला, आई?"

आता काय म्हणायचं? तोंडातला फेस गिळला आणि म्हटलं, "छे, अगदी वेळेवर."

१२ सप्टेंबर, गुरुवार

माझ्या त्या एका शब्दाने गावाचा घोटाळा केला!

झालं असं. सोमवारी चुंबकं हातासकट दुकानात गेली. ती सोडवताना खिडकीतून उचलून नेलेल्या मनगटी घड्याळाला चुंबक लागलं आणि ते पुढे पळायला लागलं. काल ते साडेसहाला आठ दाखवत होतं. सासूबाईंनीही "वेळेवर" म्हणून शिक्कामोर्तब केलं. दुकानात बघतात तर भिंतीवरची वीसच्या वीस घड्याळं मागे! दुसरा कोणी असता तर त्याला स्वतःच्या मनगटाची शंका आली असती. पण हे पडले घड्याळजी. ह्यांचं कसं चुकेल? शिडी लावली आणि वीसही घड्याळं दीड तास पुढे केली. समोरचा बेकरीवाला त्यांच्या काचेतून वेळ बघतो. त्याने दीड तास आधी दुकान बंद केलं. लोक पावाविना परत गेले.

मला हे बेकरीवाल्याकडून कळलं. जावईबापू आज आठला आले. "कालही वेळेवर होतात," असं मी म्हटलं, ते म्हणाले, "हो आई." दोघंही टाकीकडे बघत राहिलो.

१५ सप्टेंबर, रविवार

चरा पडला! वीतभर, खाली डावीकडे. काच घासताना वाळूच्या दोन बोटं वर थांबायचं. खाली गेलं की एखादा खडा आतल्या तुकड्याखाली अडकतो आणि काच कापत जातो. मी पट्टीवरून बघत होते. कर्र्र आवाज आला. माझ्या काळजावर ओढल्यासारखा! तोंडातून ब्र काढला नाही. जावईबापूंनीही काढला नाही. एक मोठं झाड उपटून चऱ्यासमोर लावलं आणि म्हणाले, "इथे हिरवळ हवीच होती."

मी म्हटलं, "छान दिसतंय."

एवढी चीड आली स्वतःची! तेरा दिवसांत ह्या माणसाला शिकवता आलं नाही मला. पोरांना शिकवलं ते ओरडून. ओरडल्याशिवाय मला शिकवताच येत नाही, हे आज कळलं. ह्या सभ्यपणापायी टाकी जाणार आहे माझी.

१६ सप्टेंबर, सोमवार

लेक म्हणाली, दातांचे डॉक्टर शनिवारी टाकी बघायला येतील. "नुसती बघायला, आई." झोप उडाली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज सगळं फुटलं.

जावईबापूंनी पहिल्यांदाच अख्खी समोरची बाजू साफ केली. आरशासारखी! इतका आनंद झाला त्यांना की बाहेरचा तुकडा हातात घेऊन वळले आणि "आई, बघा!" म्हणत सरळ माझ्याकडे चालत आले. पट्टीवर आले. पट्टी ओलांडली. चुंबक पुढे धरलेलं, नेमकं माझ्या छातीच्या उंचीला!

मी सोफ्यावर उडी मारली. ह्या वयात! आणि मैदानावरचा आवाज निघाला – "मागे हो, गाढवा!! ठेव ते खाली! अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

हेडमास्तरही तोंड मिटून. जावईबापू कोपऱ्यात भिंतीला चिकटले बिचारे. मी सोफ्यावर उभी. मनात म्हटलं, संपलं. जावयाला गाढव म्हणाले मी. लेक आता टाकीबरोबर मलाही दातांच्या डॉक्टरांकडे पाठवणार.

त्यांनी चुंबक पेटीत ठेवलं. मधे फळी घातली. मग हात जोडून कितीदा तरी माफी मागितली. आणि मग... हसायलाच लागले! म्हणाले, "आई, बारा वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी बोललात. मला वाटायचं, मी तुम्हाला आवडतच नाही."

मी सोफ्यावरून उतरले. म्हटलं, "गोल गोल काय घासतोस रे? वरून खाली घास, सरळ रेघांत."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"आणि तू बोट अडकल्यावर का नाही ओरडलास?"

"तुम्ही बिस्किट दिलंत ना!"

पोट दुखेपर्यंत हसलो. पेसमेकर ठीक आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

एका तासात साठ वेळा ओरडले. चारही बाजू स्वच्छ! तो उलट उत्तरंही देतो. "आई, तुमच्या टाकीत माशांपेक्षा सूचना जास्त आहेत." आगाऊ!

२१ सप्टेंबर, शनिवार

दातांचे डॉक्टर आले. टाकी बघून खूश. लेकीने विचारलं, "कधी नेता?"

डॉक्टरांनी सहज विचारलं, काच साफ करणं सोपं असतं ना? आणि आमचा हा खरं बोलणारा प्राणी सगळं सांगत सुटला. आवाज कसा आला, पाचर कशी ठोकली. वर बोटाची पट्टी सोडून काळं नख डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं. डॉक्टरांनी आपले दोन्ही हात खिशात घातले. "माझं पोट ह्या बोटांवर आहे हो," म्हणाले. चहा न पिता गेले.

जीव भांड्यात पडला, पण लेक उभी होती ना तिथेच! "स्प्रिंग म्हणे! अजून काय काय लपवलंत?" मग घड्याळ निघालं, चरा निघाला, सोफा निघाला. मी म्हटलं, सगळी चूक माझी. तो म्हणाला, नाही, माझी. एकमेकांवर ओरडायला लागलो. लेक आमच्या तोंडांकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्ही दोघं भांडता कधीपासून?" आणि हसत खुर्चीत बसली.

टाकी राहणार! अट एकच, पुढच्या तपासणीला हृदयाच्या डॉक्टरांना नीट विचारून यायचं, मी चुंबकाला कधी हात लावू शकते ते.

१ ऑक्टोबर, मंगळवार

तपासणी झाली. आत एकटीच गेले. चुंबकाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, छातीपासून हातभर लांब राहील एवढं जपा, कधी छातीशी धरू नका, आणि उद्यापासून खुशाल घासा.

बाहेर लेक उभी होती. "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "म्हणाले, जावयांनाच करू दे."