समुद्राकडचं कॉलेज

आई,

हल्ली दुपारी जेवून पडले की डोळा लागतो, आणि डोळा लागला की मी त्या समुद्राकडच्या कॉलेजात असते. जिना लाकडी आहे, खिडक्या उंच आहेत, वाऱ्याने वहीची पानं उलटतायत आणि तासाला उशीर झाला तरी मी धावत नाही. जाग येते तेव्हा डोंबिवलीच्या घरातला पंखा दिसतो, खालून भाजीवालीची हाक ऐकू येते. ज्या कॉलेजात मी उभ्या जन्मात दोनदाच गेले, तेही तुझ्याबरोबर, ते असं पाठ कसं राहिलं कुणास ठाऊक. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगणार, म्हणून आज लिहायला बसले.

इंटर सायन्सचा निकाल लागला होता आणि बी.एस्सी.ला फिजिक्सच घेणार म्हणून मी हटून बसले होते. दादरच्या ज्या कॉलेजात इंटर केलं तिथे फिजिक्स होतं, पण प्रयोगशाळा कँटीनच्या मागे, अर्धी अंधारी. लंबकाचे झोके मोजायला बसलं की वड्यांच्या तळणाचा वास यायचा आणि मोजणी चुकायची. समुद्राकडच्या कॉलेजची बातच निराळी, असं सगळे म्हणत. तू कल्याणला मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होतीस. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आपण दोघीच. पारनाक्याजवळच्या आपल्या घरमालकीणकाकू तुला म्हणाल्या, "अहो बाई, पोरगी विजेचं शिकून करणार काय? स्थळं बघा आता." तू शांतपणे म्हणालीस, "बघतेच आहे. उद्याच एक बघायला जायचंय."

आणि खरोखरच ते कॉलेज तू स्थळ बघावं तसं बघितलंस. ठेवणीतलं पांढरं, बारीक काठाचं लुगडं नेसलीस, माझी वेणी करकचून घातलीस आणि वाटेत बजावलंस, "तिथे फार बोलू नकोस हं. आवडलं तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही." पोचल्या पोचल्या प्यायचं पाणी कुठलं ते विचारलंस. मुलींची बसायची खोली उघडून बघितलीस. जिन्याच्या कठड्यावर बोट फिरवून धूळ आहे का तेही पाहिलंस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिथले फिजिक्सचे मुख्य प्राध्यापक वयस्कर होते, स्वभावाने भले. त्यांना तुझी गंमत वाटली असणार, पण वागले अगदी अदबीने.

त्यांनी आपल्याला डार्क रूम दाखवायला नेलं. काळा जाड पडदा सारून आपण आत जातो, तर सोडियमचा दिवा लागलेला. भिंती, टेबल, सरांचा कोट, सगळं पिवळं, हळदीत बुडवून काढल्यासारखं. सर सांगतायत, या दिव्यात एक पिवळा सोडला तर दुसरा रंगच नसतो, म्हणून लाल वस्तूसुद्धा इथे काळी दिसते. तू माझ्या तोंडाकडे बघतेस. "अगं, तुझं कुंकू काळं दिसतंय," म्हणतेस. मग स्वतःच्या हातांकडे, पिवळ्या झालेल्या पांढऱ्या पदराकडे बघत राहतेस आणि एकदम हसतेस. बाबा गेल्यापासून चारचौघांत तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. "इथे सगळ्या बायका सारख्याच की हो," तू सरांना म्हणालीस. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. मला मात्र तेव्हाच वाटलं, हेच कॉलेज. मला याच खोलीत बसायचंय.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "बाई, एक जागा शिल्लक आहे आणि मुलीचे मार्क उत्तम आहेत. तुम्ही हो म्हणा, मी आत्ता नाव घालतो." मी डोळ्यांत प्राण आणून तुझ्याकडे बघत होते. तू पदर सावरलास आणि गोड आवाजात म्हणालीस, "घरी विचारून कळवते."

परतीची दुपारची गाडी रिकामी होती. ठाणं मागे पडल्यावर मी धीर करून विचारलं, "आई, घरी विचारायचं कुणाला?" तेवढ्यात पारसिकचा बोगदा लागला. बोगद्यातून बाहेर पडल्यावर खाडीकडे बघत म्हणालीस, "लगेच हो म्हटलं, तर त्यांना वाटेल हिच्यामागे कुणीच नाही. चांगल्या ठिकाणी असं उतावळेपणाने हो म्हणत नाहीत. उद्या जाऊन सांगू की." रात्री जेवताना तू मला खोटं खोटं विचारलंस, "काय मग, घरच्यांचं काय मत?" मी म्हटलं, "घरच्यांची पसंती आहे." केवढ्या हसलो आपण.

दुसऱ्या दिवशी तू शाळेत रजा टाकलीस. सर आपल्याला पाहून खुर्चीतून उठलेच. "अहो बाई, मला वाटलं आता नकारच येणार. मुलींच्या बाबतीत घरी विचारतो म्हटलं की तसंच होतं. काल संध्याकाळी एक मुलगा आला, त्याला दिली हो जागा." तू "बरं" म्हणालीस, नमस्कार केलास, आणि आपण जिना उतरलो. समोर समुद्र होता, भर ओहोटीचा. आपण बराच वेळ तिकडे बघत उभ्या राहिलो. तू माझी वेणी पाठीवर सारखी करत राहिलीस.

मग मी वड्यांच्या वासातच फिजिक्स शिकले, ठाण्याच्या कॉलेजात शिकवायला लागले, आणि माझं काही वाईट झालं नाही. तू पाहुण्यांना सांगायचीस, "तिकडे मिळत होतं, पण घरी सगळ्यांनी मिळून ठरवलं, एवढं लांब नको." सगळे म्हणजे आपण दोघी. मी मान डोलवायचे. प्रत्येक कागदावर एकटीने सही करताना तुला काय वाटत असेल, हे मला फार उशिरा, तुझ्या त्या वेळच्या वयाच्याही पुढे गेल्यावर कळलं. तेव्हा तुझ्याबद्दल इतकी माया दाटून आली की तू असतीस तर घट्ट मिठी मारली असती.

ओळखीचे म्हणतात, जे झालं ते बरंच झालं. मीही हो म्हणते, कशाला वाद घाला. पण हा कागद काही कुठे जायचा नाही, आणि तुझ्यापुढे काय लपवायचं? कळलं सगळं, तरी बरं झालं असं मला एकदाही वाटलेलं नाही. मला तेच कॉलेज हवं होतं, आई. अजून हवं आहे.