पाचव्या फळीला हात

सोमवार, ४
आलो एकदाचा. लेकीने मागची खोली दिली आहे. खिडकीतून फक्त पाण्याची टाकी दिसते, पण सकाळचा उजेड शाळेच्या वर्गातल्यासारखा तिरपा येतो. नातीने स्वागताला फुलं ठेवली होती. हसली की तिच्या उजव्या गालावर खळी पडते. थेट तिच्या आजीची.

शाळेत मी मराठीबरोबर यंत्रदुरुस्तीही शिकवायचो, त्या जोरावर जावयाने टीशर्ट छापायच्या कारखान्यात मेकॅनिकचं काम जमवून दिलं. म्हातारा दिवसभर घरात नको, असा उदात्त हेतू असावा. यंत्र स्वयंचलित आहे: गोल फिरणारे आठ हात, प्रत्येकावर कापड चढवायची फळी, वर रंगांच्या स्क्रीन, म्हणजे जाळीच्या चौकटी. फळी सरकते, रबरी पट्टी शाई ओढत जाते, परत येते. लघु, गुरु, गुरु. चक्क भुजंगप्रयात! मी मांडीवर ताल धरला, तर कामगार बघतच राहिले. वृत्त म्हटलं की यांना बातम्या आठवणार.

मंगळवार, ५
रंग जागेवर बसत नाहीत म्हणून मालक महिनाभर शाया बदलत बसलेत. स्क्रीनची पकड सैल, रबराची धार चोखलेल्या गोळीसारखी गुळगुळीत, हवेची नळी फुसफुसतेय. साबणाचं पाणी लावून गळती दाखवली, तर मालक बुडबुड्यांकडे बघून खूश. बाळ आहेत अगदी. दुपारपर्यंत सगळं ठाकठीक केलं.

खरी करमणूक पुढेच. पाचव्या फळीवर कापड हाताने बसवायचं नाही म्हणे, लाकडी पट्टीने सारखं करायचं. का, ते कोणालाच ठाऊक नाही. कापड चढवणाऱ्या वहिनी म्हणतात, हाताचा घाम लागतो. मालक म्हणतात, आधीचा मिस्त्री सांगून गेला. बाकीच्या सात फळ्यांना घाम चालतो वाटतं. मी सर्वांदेखत उघडा तळवा फिरवून कापड बसवलं, आणि रोज तसंच बसवणार. फळी कोमट होती, अंगाइतकी. वहिनी म्हणाल्या, आजोबा, तुमचं तुम्ही बघा.

शुक्रवार, ८
दारातलं हजेरीचं यंत्र माझा अंगठा ओळखत नाही. मालकांनी तीनतीनदा पुसून घेतला. शाई काढायच्या रसायनाने ठसे झिजतात, एवढं साधं यांना कळू नये.

रविवार, १०
सुट्टी. नातीला कारखाना दाखवायला नेलं. तिच्यासाठी मीच रचलेली ओळ छापली: ‘खळी हासते, गाल मागून हासे.’ वृत्तात एक मात्रा इकडची तिकडे नाही. जावयाने वाचली आणि धुतल्यावर रंग जाईल का, असं विचारलं. रसिकता!

पोरीने पाचव्या फळीवर गाल टेकवला. आजोबा, ही तुमच्यासारखी ऊबदार आहे, म्हणाली.

बुधवार, १३
तळव्यावरच्या रेषा गेल्या. कपाळावरच्या आठ्याही. लेक म्हणते, बाबा, इथलं पाणी मानवलं तुम्हाला. मी आरशासमोर उगाच रेंगाळलो. वहिनी मात्र माझ्याकडे बघायचं टाळतात. मत्सर, दुसरं काय.

गुरुवार, १४
पाचव्या फळीवरच्या प्रत्येक कापडावर, पांढऱ्या रंगात, बारीक रेषा उमटतायत. जाळीचा दोष, असं मी ठणकावून सांगितलं. स्क्रीन बदलली. रेषा तशाच.

एक रेष मधेच तुटलेली आहे. लहानपणी पाटीचा कोपरा लागून माझ्या तळव्यावरची अशीच तुटली होती.

मालकांना सांगितलं नाही. त्यांना काय कळणार.

शुक्रवार, १५
भुवया नाहीत. ओठांचे कोपरे मिटत चाललेत, चमचा अडकतो. वहिनींनी हळूच सांगितलं की आधीच्या मिस्त्रीला शेवटी शेवटी त्याच्या बायकोनेही ओळखलं नाही. मला हसायचं होतं. चेहरा हलला नाही.

शनिवार, १६
आज कापडावर रेषांच्या शेजारी एक लहानसा खळगा. गोल. गोड.

यंत्र बंद केलं. घरी धावलो. पोर हसत होती — गाल सपाट. विचारते, आजोबा, माझी खळी कुठे गेली.

आधी बोटं, मग तळवा, कपाळ, भुवया, तोंड. तिचं तर गालापासूनच — तोंड किती जवळ —

रविवार, १७
पाचवी फळी उपटून जाळायची. एकटाच आलोय. पाना निसटतो. पुन्हा निसटतो. बोटांना पकडच नाही — पेन मुठीत धरून —

वीज तोडलीय. तरी लघु, गुरु, गुरु —

पोर आली. माझ्या मागोमाग. दारात उभी. म्हणते खळी परत घेते —

फळीकडे चाललीय. ओरडायला तोंड — नाही. वही दाखवतो. मोठ्या अक्षरात. वाचता येतं तिला, गेल्या सुट्टीत मीच शिकवलं — बाळा

हात लावू न