धक्क्यावरचा आबांचा प्रश्न

३ नोव्हेंबर १९८४
संध्याकाळच्या लाँचनं मोऱ्याच्या बंदरात उतरले. आबा धक्क्यावर हजर. बघतात माझ्या मागे. "बाय, तुजी आय नाय आयली?"
आय जन्मभर मुंबईत मासळी विकून याच लाँचनं यायची. आबा तिची पाटी उतरवून घ्यायचे. गेल्या शिमग्यात आय गेली. सांगितलं. मटकन खाली बसले, कपाळ बडवलं. जसं आत्ताच कळलं. काल तेच. परवा तेच.

५ नोव्हें.
मुंबईत, लॅब. समुद्रातल्या गोगलगायीच्या कल्ल्याला हलकेच टोचलं की ती आक्रसते. पुन्हा पुन्हा टोचलं की आक्रसणं थांबतं. एक पेशी दुसरीला जो निरोप देते तोच मंद होतो. यंत्राच्या पडद्यावरची रेघ बुटकी होत जाते. मेलं एवढंसं जनावर, दुपारपर्यंत शिकतं की यात काही भ्यायचं नाही. आणि आबांना रोज नवं कोरं दुःख. रेघ उतरतच नाही.

८ नोव्हें.
सर भडकले. मी लिहिलं होतं, 'गोगलगाय ४ शिकली.' म्हणाले, "गप्प झाली म्हणजे शिकली? कशावरून? दुसरीकडे जोरात टोच. मग कल्ल्याला हात लाव. पुन्हा आक्रसली तर शिकली होती. नाही तर थकली असेल, नाही तर मेली असेल. ही चाचणी केल्याशिवाय माझ्या टेबलावर कागद आणू नकोस."
टोचलं. आक्रसली. शिकली होती.

१२ नोव्हें.
रजा. आबांना मुंबईत मोठ्या डॉक्टरांकडे. "वयाचं आहे. औषध नाही. तुम्ही तर याच विषयातल्या, तुम्हाला काय सांगायचं?"
परतताना लाँचवर शेजारची जनाकाकू: "बाय, तू मेंदूचा शिकलीस ना? मंग बापाला बरा कर की."
काय बोलू, कपाळ? मी गोगलगायीची डॉक्टर आहे, काकू. खाडीकडे तोंड करून रडले.

१७ नोव्हें.
आज खोटं बोलले. "आय मागच्या लाँचनं येते."
झालं! कोळ्याला कुणी असं सांगतं? जागचे हलेनात. पाटी उतरवायला माणूस नको का? मागची लाँच आली, रिकामी झाली, खलाशांनी दोर बांधला, तरी आबा आत डोकावतायत. दादा येऊन अक्षरशः उचलून घेऊन गेला. माझ्यावर ओरडला, "शिकलीस कशाला एवढी?" बरोबर आहे त्याचं. पण मग मी करू काय? कुणी सांगेल?

१८ नोव्हें.
पुन्हा खरं. पुन्हा कपाळ. वहिनी म्हणते, "ताई, तुमीच सांगत जा, आमच्यानं नाय व्हत." माझ्यानं होतं वाटतं!

६ डिसेंबर
रोज तेच. काय लिहायचं.

१९ डिसें.
आज विचारलं नाही.
माझी पिशवी घेतली, डोक्यावर ठेवली, चालू लागले. मी मागे. घरापर्यंत प्रश्नाची वाट बघत.

२० डिसें.
आजही नाही.

२३ डिसें.
नाहीच. वहिनी खूश. सुक्या बोंबलांचं कालवण केलं. "सुटले बिचारे." दादापण हसला, किती दिवसांनी.
मी ताट बाजूला सारलं. इतक्या वेळा सांगितलेलं शेवटी आत कुठेतरी बसलं, आय नाही हे आबा शिकले? की आयच पुसली गेली? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. गप्प म्हणजे गप्प.
चाचणी मला पाठ आहे. आयचं नाव घ्यायचं, "हिरा", जोरात. बस.
बापाला टोचू?

२७ डिसें.
नाही टोचणार. मरू दे ते शास्त्र.

३१ डिसें.
ओहोटीमुळे लाँच बाहेरच थांबून राहिली. उशीर. तरी आबा होतेच. पिशवी डोक्यावर घेतली. आम्ही दोघंच, पुढे मागे. तोंडातून निघून गेलं, "आबा, हिरा..."
थांबले.
वळले नाहीत. डोक्यावरची पिशवी दोन्ही हातांनी धरली, तशी आयची पाटी धरायचे. पण तिथे चढ आहे, तिथे सगळेच थांबतात. चेहरा मला दिसला नाही. पुढे जाऊन बघायला हवं होतं.
मग आबा चालू लागले, आणि मी मागे.