गोत्र न विचारता छापलेले शब्द

१४ जून १९९५, बुधवार
मामंजींचं पुस्तक छापून आलं. दिराने, म्हणजे पांडुरंगाने, दुपारी स्कूटरवरून गठ्ठे आणून तिण्णैवर, बाहेरच्या ओट्यावर, टाकले. ओसरी अडली. मुखपृष्ठावर पिवळ्या केसांची परदेशी बाई, कानाला टेलिफोन. खाली मामंजींचं नाव, 'निवृत्त हेडमास्तर' असं. त्याहून मोठ्या अक्षरांत पां.च्या स्पोकन इंग्लिश सेंटरचं नाव. बाई बघूनच शिसारी आली.

मामंजींना काचबिंदूने आता काही दिसत नाही. पुस्तकावरून हात फिरवला, वास घेतला. "गुळगुळीत आहे," म्हणाले. "कागद चांगला घातला पांडूने." मग कमरेची वेष्टी सावरून नीट बसले आणि बराच वेळ मांडीवरचं पुस्तक सोडलं नाही. त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्यापासून तर नाहीच.

१५ जून, गुरुवार
शाळेतून आले, कापीचं आधण ठेवलं, पुस्तक उघडलं. पहिल्या पानावरच थांबले.

हे मामंजींचं नाही.

त्यांचं काम मला तोंडपाठ आहे. सून होऊन आले तेव्हापासून बघते. इंग्रजीत दिसायला अगदी एक, पण एकमेकांशी काही नातं नाही असे शब्द. कोणी लॅटिनमधून आलेला, कोणी ग्रीक, कोणी उत्तरेकडच्या खलाशांबरोबर. घरात येणाऱ्या प्रत्येक लग्नपत्रिकेची कोरी पाठ त्यांची. एका पत्रिकेवर एक शब्द. तो सगळा गठ्ठा पां.ने छापायला म्हणून नेलेला. आमच्याकडे आडनाव सारखं दिसलं म्हणून कोणी भाऊबंद मानत नाही, आधी गोत्र विचारतात. शब्दांनाही तेच. वर्गात पोरांना सांगत, "गोत्र विचार, मग बोल." ओरत्तनाडूच्या शाळेत तमिळ पोरं त्यांना मागून 'गोत्रम सार', गोत्रवाले सर, म्हणायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

पां.ने सगळ्यांना एकाच गोत्रात कोंबलंय. काठीचा पोल आणि ध्रुवाचा पोल. मामंजींनी लिहिलेलं, काठी लॅटिन, ध्रुव ग्रीक, संबंध नाही. पुस्तकात: उत्तर टोकावर कोणी काठी रोवली म्हणून तेही पोल. इअर, कान आणि लोंबी: भाताची लोंबी वाऱ्याचं ऐकते म्हणून तीही इअर. फेअर: जत्रेत गोऱ्या बायका येत म्हणून जत्रा फेअर.

पुस्तक मिटलं. मोरीवर जाऊन हात धुतले.

आणि बँक. बँक मामंजींनी घेतलाच नव्हता. नदीकाठ आणि पेढी मागे मागे जात राहिलं की एकाच घरात पोचतात, त्यांना परके म्हणणं खोटं, म्हणून ती पत्रिका बाजूला ठेवलेली. पां.ने तो पहिल्या पानावर घातलाय. सावकार नदीकाठी बसत, म्हणे.

१६ जून, शुक्रवार
पां.च्या सेंटरवर गेले. जुन्या बसस्टँडजवळ, एसटीडी बूथच्या वर. जिन्यात पोरं. मद्रास, बंगलोरला नोकऱ्या आहेत, इंग्रजी बोलता आलं की झालं, असं सगळ्यांच्या तोंडावर. त्यांचा राग नाही.

पां. हसत म्हणाला, "वैनी, पोरांना स्टोरी पाहिजे. मूळ कसाला? इंटरव्ह्यूत कोण विचारतो लॅटिन?"
"मग स्वतःचं नाव घालायचं."
"माझं नाव कोण वाचतो? अप्पांच्या नावाला मान आहे."

इतकं सरळ बोलला. गोष्टी कोणी रचल्या विचारलं तर म्हणाला, इथल्याच एका मास्तरने, एका आठवड्यात. वर कौतुक. मी उठले. त्याने मागवलेलं थंड पेय तसंच टेबलावर राहिलं.

रात्रीच्या जेवणाला ह्यांना सांगितलं. सांबारातली शेंग चोखत म्हणाले, "जाऊ दे. अप्पा खूश आहेत नव्हे? परत दुःख कशाला द्यायचं." दोघे भाऊ. एक करतो, एक जाऊ देतो. ताट उचलताना मला दोघांचीही सारखीच किळस आली.

१८ जून, रविवार
जे होणार ते झालं. संध्याकाळी दिवा लावल्यावर मामंजींनी हाक मारली. "सरोजा, बैस. वाचून दाखीव. आपलंच पुस्तक, एकदा ऐकूं."

पुस्तक हातात धरलं. उघडलं. आणि बार्क म्हटला, पाठ होता तसा. कुत्र्याचा भुंकण्याचा, जुना इंग्रजी. झाडाच्या सालीचा, उत्तरेकडचा, खलाशांचा. जहाजाचा, लॅटिन, फ्रेंचांच्या हातून आलेला. समोरच्या पानावर काय होतं ते बघितलंही नाही.

ते डोळे मिटून मान डोलवत होते. मधेच म्हणाले, "पान उलट की." उलटलं.

सील, मिंट, मोल. जिथे अडखळले तिथे त्यांनीच पुढचं सांगितलं. त्यांना फसवते आहे, आणि ते मला आशीर्वाद देताहेत. पां.ने एकदा खोटं छापलं, मला रोज दिवेलागणीला वाचायचं आहे.

२१ जून, बुधवार
शाळेत नववीचा वर्ग. कवितेत इअर आला. पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "टीचर, लोंबी वाऱ्याचं ऐकते म्हणून." कुठे वाचलं? "तुमच्या मामनारांच्या पुस्तकात."

चूक म्हणावं तर मामंजी चूक. बरोबर म्हणावं तर माझी जीभ झडावी. "बस खाली," एवढंच म्हटलं. पोर बिचारी शाबासकीची वाट बघत होती.

स्टाफरूममध्ये गणिताच्या बाईंनी फेअरचं पान मोठ्याने वाचलं. हशा. "तुमचे सासरे रसिक दिसतात." तीस वर्षं ज्या माणसाने न तपासता शब्द तोंडातून काढला नाही, त्याला रसिक म्हणून हसल्या. डबा उघडला नाही.

२४ जून, शनिवार
पां. घरी आला. दुसरी आवृत्ती काढतोय. मी म्हटलं, निदान मामंजींचं नाव काढ. "नाव काढलं तर अप्पा विचारतील ना, वैनी. तूच सांग काय सांगू." हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. त्याला ठाऊक आहे मी रोज काय वाचते. माझ्याच जिवावर निवांत आहे.

मग आतल्या खोलीत जाऊन मामंजींच्या पाया पडला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मी तिथून उठून गेले.

आणि एक. पापनाशमहून रामचंद्रन सरांचा निरोप आहे. मामंजींचे शाळेतले जुने सहकारी. दुकानात पुस्तक पाहिलं, घेतलं, उद्या रविवारी भेटायला येतो. मामंजी दिवसभर तेच बोलताहेत. इडली कर, ती हिरवी चटणी कर, त्याला आवडते.

आधीच गाठून सांगावं का, मामंजींना काही बोलू नका म्हणून? पण मग मीही जाऊ देणाऱ्यांतलीच.

२५ जून, रविवार
सर आले. बसने, काखेत पुस्तक, परदेशी बाई बाहेर डोकावतेय. चेहरा बघूनच समजलं, वाचलंय. मामंजींनी हात धरून शेजारी बसवलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तू वाचू नको. माझी सून वाचते. तू ऐक."

मी बसले. पुस्तक उघडलं. सरांनी आपली प्रत मांडीवर उघडली, बोट ओळीवर ठेवलं. मी पोल घेतला. काठी लॅटिन. ध्रुव ग्रीक. सरांचं बोट थांबलं. माझ्याकडे बघितलं, मग मामंजींकडे. मी वाचत राहिले. इअर घेतला, फेअर घेतला. सरांनी हळूच आपली प्रत मिटली आणि पालथी ठेवली. शेवटपर्यंत एक शब्द नाही. इडली अर्धी टाकली. निघताना मामंजींचा हात दोन्ही हातांत धरला, "नल्ल वेलै, चांगलं काम," म्हणाले. मला नुसता नमस्कार केला.

बस गेल्याचा आवाज आला. मामंजी तसेच तिण्णैवर. मी भांडी उचलत होते.

"सरोजा."
"हो."
"हा रामचंद्रन. शाळेत होतो तेव्हा माझं एक वाक्य याने पुरं होऊ दिलं नाही. प्रत्येक शब्दाला भांडायचा. पोलला तर आठवडाभर बोलणं बंद होतं आमचं."
मी ताटल्या एकावर एक रचल्या.
"आज एकदाही आडवा आला नाही. पुस्तक आणलं होतं ना त्याने? मिटलेलं ऐकलं मी." मग मांडीवरची आपली प्रत उचलून माझ्या दिशेने धरली. "काय छापलंय ग यात?"

कापी आणते म्हणून आत आले. दूध तापलंय. ते अजून पुस्तक तसंच पुढे धरून बसलेत.