पुण्याकडं वळणारं स्टेरिंग

चि. सौ. आरतीस आशीर्वाद. पुणतांब्याला सगळी बरी असाल असं धरून चालते. मी धडधाकट हाय, तुजा हर्षलबी दोन वेळा भाकरी खातोय. फोनवर बोलताना तो शेजारीच असतो, म्हणून हा कागद खरडला.

नगरच्या शेडात त्यानं ती जुनी स्पोर्ट गाडी पार सोलली हाय. शर्यतीत लई पळावी म्हणून गाद्या, काचा, दारांचं अस्तर काढून हलकी केली. लाकडी स्टेरिंग तेवढं ठेवलं. गाडीचा आधीचा धनी, पुण्याचा, ते हातात धरूनच मेला.

घोडेगावच्या बाजारात बैल विकला की जुनं दावं धनी काढून घेतो, न्हाईतर जनावर जुन्या गोठ्याकडं ओढ घेतं. ह्या शिकलेल्याला सांगितलं तर दात काढले. "आजी, गाडीला कसलं दावं?"

गाडी टेकूंवर हाय, चाकं न्हाईत. दुपारी मी स्टेरिंग सरळ करायची. भांडी घासून येईस्तोवर ते पुण्याच्या बाजूला वळलेलं.

सोमवारी भांडून ते काढायला लावलं अन् मीच एस्टीनं जाऊन धन्याच्या बायकोला देऊन आले. तवापासून गाडी गप हाय.

पण हर्षल माज्यासमोर जेवायला बसतो अन् ताट संपेस्तोवर त्याचं तोंड पुण्याकडं झालेलं असतं. इचारलं तर म्हणतो, "आजी, मी हाललोच न्हाई."

तुजी कंबर दुखतच असंल, ती काय थांबायची न्हाई. तरी शनिवारी ये. रविवारी शर्यत हाय, चाकं अन् नवं स्टेरिंग लावून तो त्या गाडीत बसणार हाय, अन् त्याला धरून ठेवायला माजे दोन हात पुरायचे न्हाईत.

तुजी सासू,
भीमाबाई