लेट मी कम इन

रविवार, ९ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार आणि पोरांना गोड पापा. ती आता दाढी करत असतील, तरीही.

इकडे सगळं ठीक. वरची खोली, म्हणजे तुझीच, रिकामी पडून आहे, ती भाड्याने द्यावी म्हटलं. फाटकावर ‘टू लेट’ची पाटीसुद्धा लावली. रंगाऱ्याने पाटी रंगवता रंगवता विचारलं, "ताई, लेट कोण झालंय?" मला हसू फुटलं आणि तू आठवलास.

अप्पांची इंग्रजीची शिकवणी आठवते ना? पुढच्या खोलीत भिंतीलाच काळा रंग फासून केलेला फळा, दोन बाकं आणि उंबऱ्यात आडवी टाकलेली त्यांची वेताची खुर्ची. उशिरा येणाऱ्याने इंग्रजीत विचारल्याशिवाय ती खुर्ची हलायची नाही. पोटच्या पोरालाही सूट नव्हती. तू रोज उशिरा यायचास, तुझं शेपूट म्हणून मागोमाग मी, आणि तू ठणकावून म्हणायचास, "लेट मी कम इन!" कार्ट्याला एक वाक्य तरी धड येतं म्हणून अप्पा खूश.

मग एकदा त्यांनी अर्थ विचारला. तू म्हणालास, "सोपंय की! लेट म्हणजे उशीर झाला. मी म्हणजे मी. कम इन म्हणजे आत येतो. उशीर झालाय, मी आत येतो!" अप्पा इतके हसले की हातातला खडू मोडला. त्यांना तसं हसताना आपण परत कधी पाहिलं नाही.

डोळे पुसून त्यांनी समजावलं, "अलाऊ म्हणजे परवानगी देणं. त्याला तोंड उघडावं लागतं. लेट म्हणजे नुसतं आडवं न येणं. आणि हे क्रियापद भूतकाळातही बदलत नाही. कालही लेट, आजही लेट." "माझ्यासारखंच," तू पुटपुटलास आणि टपली खाल्लीस.

हे उगाच उकरून काढत नाहीये. मागे फोनवर तू म्हणालास, "अप्पांनी मला जाऊ दिलं नाही, मी गेलो. आता त्या घरात कुठल्या तोंडाने येऊ?" फोन अप्पांच्या खाटेशेजारीच असतो, म्हणून मी गप्प बसले. आता ऐक.

तू बोटीवरच्या नोकरीला निघालास त्या सकाळी खुर्ची उंबऱ्यात आडवीच होती. तू विचारलंस, "जाऊ का?" अप्पांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. तू रागाने खाली वाकून ट्रंकेचा पट्टा आवळत बसलास. मी दाराआड होते. अप्पा उठले आणि त्यांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली. तू मान वर केलीस तेव्हा ते पाठमोरे उभे राहून फळा पुसत होते. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं रे. तोंडाने हो म्हणणं त्यांना जमलं नाही, पण ते आडवे आले नाहीत. तुला वाटलं, तू भांडून गेलास. त्यांनी तुला जाऊ दिलं होतं.

परवा खोली बघायला एक गृहस्थ आले. तुझ्याच अंगलटीचे, पावलंही तशीच जड. उंबऱ्यात घुटमळले. कित्येक दिवस शब्दही न बोललेले अप्पा खाटेवरून म्हणाले, "लेट हिम कम इन." म्हातारा इंग्रजी बोलतो म्हणून गृहस्थांना कोण कौतुक! मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. मग त्यांना काहीबाही सांगून वाटेला लावलं आणि पाटी उतरवली.

वर ‘सगळं ठीक’ लिहिलंय ते खोटं आहे. अप्पा आता उठत नाहीत. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलावून घ्या. त्यांचे कंपाउंडर आजच तुमच्या गावी निघालेत, त्यांच्याच हाती हे पत्र देते आहे. ते थेट तुझ्या दारात आणून देतील. तूही वाचल्याबरोबर नीघ.

खुर्ची भिंतीलाच लावलेली आहे. तू आलास की उंबऱ्यात उभा राहा आणि तेच वाक्य तसंच ठणकावून म्हण. या वेळी त्यांचा अर्थही बरोबर असेल आणि तुझाही.

उंबऱ्यात वाट बघत बसलेलं,
तुझं शेपूट